शंभरावर घंटा

एकतीस वर्षं, एमवायच्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्रपाळीला मी पांढऱ्या पेशी मोजल्या.
काचेवर रक्ताचा पातळ थर, लेशमनची जांभळी छटा,
वर तेलाचा एक थेंब,
आणि भिंग खाली यायचं इतकं सावकाश
की श्वास आपोआप धरला जायचा.

न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल. लिम्फोसाइट.
डाव्या हाताखाली लोखंडी मोजयंत्र,
पाच कळा, पाच जातींच्या.
शंभर भरले की ते आपणहून घंटा वाजवी.

बेसोफिल शंभरात एखादा,
कित्येक रात्री तोही नाही.
नाही दिसला तर शून्य लिहायचं,
दिसल्यासारखा वाटला म्हणून एक लिहायचा नाही,
हे चांदोरकर सरांनी शिकवलं.
आणि जाता जाता, चहाचा कप विसळताना:
"शंभरात शून्य म्हणजे अंगात शून्य, असं मात्र समजू नका."
हे दुसरं वाक्य मी फार उशिरा ऐकलं.

देव मी असाच लिहिला होता,
सतराव्या वर्षी. शून्य.
बाबा आठ दिवस बोलले नाहीत,
आईनं माझ्या वाटणीचाही जप करून टाकला.
मी ते शून्य पुढे वीस वर्षं परजत फिरले.
कुणाच्या मनगटावर लाल दोरा दिसला
की जीभ शिवशिवायची.
संकष्टीला, आईचा चंद्र उगवायच्या आत,
सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन यायचे.
भूक नसायची.

मग तो देवासकडचा माणूस.
पहाटे तीनला खिडकीच्या जाळीत बोटं अडकवून:
"मॅडमजी, ऊपरवाले से आप भी बोल देना.
सात साल का है."
उत्तर तयार होतं माझं, घासूनपुसून ठेवलेलं,
ओठांपर्यंत आलंही.
तेवढ्यात दिसलं,
त्याच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"बैठिए," म्हटलं.
आत येऊन पोराची काच पुन्हा लावली.
शंभराला घंटा झाली, मी थांबले नाही.
दोनशे मोजले. तीनशे.
कुणी सांगितलं नव्हतं,
आकडाही काही हलला नाही.
फक्त माझा खांदा,
कायम कानापर्यंत चढवलेला,
खाली आला होता.
पोराचं पुढे काय झालं, माहीत नाही.
आमच्या खिडकीतून कागद जातात, बातम्या परत येत नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या निगुडकर वहिनी विचारतात,
पोथी नाही, मंदिर नाही,
मग तुला शांत वाटतं तरी कशानं?
मी पोहे भिजवत राहते.
शांत कुठे वाटतं, वहिनी.
लक्ष लागतं, एवढंच.

आई आता ब्याऐंशीची.
सुदामानगरच्या या दोन खोल्यांत तिची नावं गळताहेत.
आधी भाचरांची, मग माझं,
गेल्या दिवाळीच्या सुमारास तिच्या देवाचंही.
हातात माळ दिली तर "कुणाची गं ही?" म्हणते,
आणि सापडलेली वस्तू परत करावी
तशी माझ्या ओंजळीत ठेवते.
मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.
मी मोरीत नळ सोडून रडले.

बोटं मात्र तिची दिवसभर
हवेतून मणी ओढतात.

लॅबमध्ये नवं मशीन आलं,
जुनं मोजयंत्र भंगारात निघालं.
सही करून घरी आणलं, तिच्या मांडीवर ठेवलं.
टक.
टक टक.
कुठलीही कळ, कुठल्याही जातीची.
मी शेजारी बसून शेंगा सोलते
आणि मनात मोजते, सवयच ती.
अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

टिंग.

दोघी दचकून वर बघतो.
"कोण आलं?" ती विचारते.
मी उठते, दार उघडून जिन्यात पाहते.
"कुणी नाही, आई."
"बरं," म्हणते ती,
"दार राहू दे उघडं."